बाबांना रिपोर्ट दाखवायचा नाही

शिवांगी,

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहितोय. मेसेज करत नाही, कारण तुझ्या फोनवर बाबा आईचे फोटो बघत बसतात. चिठ्ठी तुझ्या टिफिनच्या पिशवीत ठेवतोय, शाळेत गेल्यावर वाच आणि फाडून टाक.

वर्कशॉपचा रिपोर्ट आला. ऑइलमध्ये डिझेल उतरत गेलं, त्याने पातळी वाढली, पण ऑइल पातळ होऊन इंजिन जाम झालं. आपली गाडी रोज उभ्या जागी चालू ठेवली की असं होतं म्हणे. सकाळी सहाला खाली जाऊन पंधरा मिनिटं ती गरम कोण करायचं, तुला माहीत आहे. लडाखमध्ये बाबांनी फौजेचे ट्रक असेच जपले. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर "बघ, थेंबभर पीत नाही" म्हणून मला कौतुकाने दाखवली. मीही मान डोलावली.

त्या दिवशी आईला हॉस्पिटलमध्ये नेताना फ्लायओव्हरवर गाडी बंद पडली, एवढं धूड साध्या क्रेनने हललं नाही, आणि आपल्याच गाडीमागच्या जाममध्ये ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटं अडकली. यातलं आता काही बदलणार नाही. त्यामुळे बाबांनी विचारलं तर कंपनीचा फॉल्ट होता, एवढंच सांग.

त्यांच्याकडे किल्ली मागू नकोस. आज सहाला ते ती घेऊन खाली गेले होते. रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं उभे राहिले. वर आल्यावर मला विचारलं, "ऑइल कमी तर नव्हतं ना रे?"

मी म्हटलं, "नाही बाबा, भरलेलं होतं."

राघव