क्लच नको

६ सप्टेंबर, शनि. देवरी
गाडी घ्यायची, ठरलं. छोटीच. बाजूला चाकं लावलेल्या स्कूटीवरून चिचगडकडच्या शाळेत शिकवायला जाऊन जाऊन अकरा वर्षं झाली. डावा पाय लहानपणच्या पोलिओने असा. क्लच त्याच्याने दाबला जाणार नाही. म्हणजे ऑटोमॅटिक. ती मॅन्युअलपेक्षा पन्नासेक हजारांनी महाग.
यांचं म्हणणं, "कायले एवढे पैसे लावाचे? मी आहो ना, सोडून देत जाईन." मग तुमचं दुकान कोण उघडणार, विचारलं.

१३ सप्टें., शनि.
गोंदिया, शोरूम. पितृपक्ष, त्यात सगळे बावीस तारखेची वाट बघताहेत. तेव्हापासून छोट्या गाडीवरचा जीएसटी कमी. गिऱ्हाईक आम्ही दोघंच. सेल्समन बोलणार यांच्याशीच. "सर, मॅन्युअल लीजिए. चलाना तो आपकोच है."
कोटेशन माझ्याकडे ओढलं. एक्स-शोरूम, त्यावर आरटीओ, विमा, आणि खाली बारीक अक्षरात सीट कव्हर, मॅट, कसलंसं कोटिंग. कव्हर नि कोटिंग मीच खोडलं. विमा बाहेरून काढणार म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. मग मात्र मॅडम, मॅडम!

१४ सप्टें.
कर जेवढा उतरतोय, साधारण तेवढाच ऑटोमॅटिकचा जादा भाव. म्हणजे गेल्या महिन्यात मॅन्युअल ज्या किमतीत पडली असती, त्याच किमतीत आता माझी गाडी. यांना दाखवलं.
"मंग मॅन्युअलच घेऊ, पैसे वाचतीन."
राग आला, खूप. पैसे वाचतील, आणि मी? जन्मभर कुणीतरी सोडायची वाट बघत...

२२ सप्टें., घटस्थापना
रजा टाकली. बुकिंग केलं. ऑटोमॅटिकमधलं सर्वांत खालचं मॉडेल. रंग पांढरा, कारण लालला वेगळे पैसे. फॉर्म यांच्यापुढे सरकवला गेला, तो उचलून मी सही केली. गाडी माझ्या नावावर, माझ्या पगारातून. परतीला हे रस्ताभर फुगलेले. फुगू देत.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी
गाडी आली! माझं अजून लर्निंग, आरटीओची परीक्षा दिवाळीनंतर, म्हणून शोरूममधून यांनीच काढली. सवयीने यांचा डावा पाय क्लच शोधत गेला आणि बसला ब्रेकवर. फाटकाबाहेर पडेपर्यंत तीनदा गचके.
"या पायाले सांगाचं तरी कसं?"
म्हटलं, माझा बघा, कसा गप्प बसलाय. हसू आवरेना. शेवटी हेही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.
वाटेतलं आमगाव मागे गेलं. मग हळूच, "परीक्षेत नापास झाली त?"
"पुन्हा देईन."
यांनी समोरचा ट्रक ओलांडला. मग, "आन पास झाली त? मी कुठं बसू?"
उत्तर सोपं होतं. लगेच दिलं नाही.