नीलम्माच्या हातांचा दोष नव्हता

मी, विजयमाला गणपत आवटे, वय सदुसष्ट, मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पाय एकच उरला आहे. डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बसावे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घराच्या पुढच्या दोन खोल्या भाचा रामहरी याला. त्याने काही केले म्हणून नव्हे, दुसरे कोणी नाही म्हणून. शिवणयंत्र शाळेला द्यावे. शाळेने शोकसभा घेऊ नये. निरोप समारंभात सेक्रेटरींनी मला वनमाला म्हटले होते.

२. मागची खोली, अंगणातल्या दारासह, बावीस वर्षे माझ्याकडे कामाला होती त्या नीलम्माला. कारण लिहिताना लाज वाटते, म्हणून सरळ लिहिते.

१९७६ साली माझ्या डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद पडली. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्याच मांडीतली शीर काढून रक्ताला दुसरी वाट करून दिली. वर्षभरात ती शीर जोडापाशी अरुंद झाली. त्यांनी ती उघडून शिरेचेच ठिगळ लावले. म्हणाले, "रक्त वाहते आहे तोवर दुरुस्ती होते. गुठळी होऊन वाट बंद झाली, तर पाय वाचवणे अवघड. पाय गार वाटला की त्याच दिवशी निघा. आणि बाई, तंबाखू?"

"मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे, डॉक्टर."

त्यांनी माझी माफी मागितली.

मी तीस वर्षे दातांना तंबाखूची मिश्री लावते आहे. मिश्रीने दात काळे करून येणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभे केले आहे. माझी मिश्री नीलम्मा भाजून पदराखालून आणत असे.

गेल्या वर्षी श्रावणात पायाला तेल लावताना ती थांबली. "बाई, पाय गार लागतोय की. मुंबईला चला."

"तू कधीपासून डॉक्टरीण झालीस?"

"डॉक्टरीण न्हाई. हाताला कळतंय."

वॉर्डात पंधरा दिवस मिश्रीशिवाय काढायचे, आणि पुन्हा तोच प्रश्न. मी अकरा दिवस घालवले. पाय मांडीतून कापावा लागला.

असे कसे झाले, म्हणून रामहरीने विचारले. मी नीलम्माकडे बोट दाखवले: हिने रगडून शीर तोडली. चोळण्याने काही झालेले नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले होते. ते मी कोणाला कळू दिले नाही. रामहरीने तिला हाकलले, पेठेतल्या इतर सात घरांनीही कामावरून काढले. ती मिश्रीबद्दल एक शब्द बोलली नाही.

३. माझ्या मृत्यूनंतर वरील कलम रामहरीने गल्लीत मोठ्याने वाचावे.

येथवर लिहून साक्षीसाठी शेजारचे कल्लप्पा, वकिलांचे कारकून, यांना बोलावले. वाचून त्यांनी पेनाला टोपण लावले. "तुमी गेल्यावर वाचायचं? तोवर तिनं काय खायाचं, बाई?"

त्यांना काय कळते, असे मी म्हणाले. नंतर त्यांना बसवून ठेवून नीलम्माला बोलावणे धाडले.

ती आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी सर्व वाचून दाखवले.

"दार उघडून वाचा," ती म्हणाली. "समोरच्या गिरिजाबाईंना ऐकू जाऊ दे. त्यांनीच मला पैलं काढलं."

मी दार उघडून वर्गातल्या आवाजात वाचले. गिरिजाबाई ओट्यावर आल्या, मागून इतर बायका. मिश्रीपाशी माझा आवाज बसला.

"ऐकू आलं न्हाई," नीलम्मा म्हणाली.

मी ते वाक्य पुन्हा वाचले.

साक्षीला दुसरे माणूस लागत होते; मी अंगठा देते, असे नीलम्मा म्हणाली. ज्याला खोली मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कल्लप्पांनी सांगितले. नीलम्मा म्हणाली, "मग खोली खोडा."

म्हणून कलम दोनमधील खोली खोडली आहे. ती रामहरीकडे जाईल. कारण खोडलेले नाही. कलम तीनचे काम आज माझ्या हातून झाले आहे.

सही: विजयमाला गणपत आवटे

आमच्यासमक्ष सही केली:
कल्लप्पा बिराजदार
नीलम्मा, निशाणी अंगठा

सोलापूर, १९ नोव्हेंबर १९७९