मेंढ्या न बसवलेली पट्टी

आबा, काल भर बैठकीत मी तुमच्यासारखी बोलले, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार हे मलाही ठाऊक नव्हतं. आता पुण्यात एका संस्थेत ढगांचं काम करते. उत्तरेकडच्या डोंगरांवर हिवाळ्यात ढग येतात. त्यांतलं पाणी गोठण्याइतकं थंड असूनही गोठत नाही, तसंच पुढे निघून जातं. तिथल्या कड्यांवर छोट्या भट्ट्या ठेवून आमची माणसं चांदीच्या क्षाराचा धूर सोडतात. त्या कणांभोवती बर्फ धरावा, पडावा आणि उन्हाळ्यात वितळून खालच्या नदीला यावा, अशी अपेक्षा. तसं झालं की नाही हे सांगणं माझं काम. बर्फ तर धुराशिवायही पडतोच. मग धुरामुळे पडला तो कोणता?

हा प्रश्न तुम्ही ओळखाल. माजलगावकडचं, सिंदफणा नदीकडे उतरत जाणारं ते रान आठवतं? शिरूरहून कळप घेऊन आपण दर साली तिकडे जायचो. लोक खतासाठी आपल्या मेंढ्या त्यांच्या रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. त्या रानाचा मालक मात्र हटून बसला होता. "मेंढ्या बसवल्या काय आन् न्हाई काय, पीक यायचं तेवढंच येतंय." तुम्ही वाद घातला नाहीत. रानाच्या खालच्या अंगाला दोरी धरून एक पट्टी आखलीत आणि म्हणालात, "हितं एक बी मेंढी बसणार न्हाई. पुढल्या साली तुमीच बघा." मग कळप वरच्या अंगाला बसवला, आणि मी आणि आई काठ्या घेऊन पट्टीकडे येणाऱ्या मेंढ्या परतवत राहिलो. आई करवादली, "मेंढ्यास्नी कळतंय व्हय, दोरी कुठं हाय ते?"

पुढच्या दिवाळीनंतर आपण तिथे पोचतो तर कापूस उभा आहे आणि पट्टी कुठे होती तेच ओळखू येत नाही. सगळं रान सारखं. तुम्ही बांधावर उभे आहात, मुंडासं काढून हातात धरलेलं. मालक हसून हसून वाकला आहे. "काय बे, मेंढ्या बसवल्या वर आन् पिकलं खाली बी? लेंड्यांना पाय फुटले काय?" आई मागून हळूच म्हणते, "पावसानं वाहून आलं आसंल. सांगा की त्यास्नी." तुम्ही मान हलवता. "आसंल. पन वाहताना आपण बघितलं का? फरक दिसत न्हाई, तर न्हाई म्हनायचं." एवढं बोलून तुम्ही तट्टावर बोचकं चढवलंत आणि आपण दुसऱ्याच्या रानाकडे निघालो. संध्याकाळपर्यंत आई तुमच्याशी बोलली नाही.

आमचंही तसंच झालं, आबा. एका दरीत धूर सोडला, शेजारच्या दरीत मुद्दाम सोडला नाही, आणि बर्फ दोन्हीकडे सारखाच. वरचे म्हणाले, मग भट्ट्या बंद करू. हिवाळाभर कड्यांवर चढून त्या सांभाळणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली. कॉम्प्युटरमध्ये मात्र एकच रान दोनदा करता येतं. तोच डोंगर, तोच वारा, तोच ढग. एकदा धुरासकट, एकदा धुराशिवाय. पट्टी आखायलाच नको. तसं करून पाहिलं, तर काही वादळांत धूर कड्याला वळसा घालून शेजारच्या दरीत उतरत होता. लेंड्यांना खरंच पाय फुटले होते. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन पाहिलं. धूर वळतच होता. पण त्याने वाढलेला बर्फ मोजला तर तो थोडकाच निघाला, आणि बऱ्याच वादळांत इतका कमी की मॉडेलची स्वतःची चूकही तेवढी असू शकेल.

बैठकीआधी आमचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, धूर शेजारी गेला एवढंच सांगा. पुढचं कशाला?" ते वाईट नाहीत, त्यांनाही ती माणसं कामावर राहायला हवी आहेत. मी दोन्ही सांगितलं. काही वादळांत फरक आहे, थोडा. बाकीच्यांत मला दिसत नाही, म्हणून तो आहे असं मी म्हणणार नाही. भट्टीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "मग जेव्हा जमतं तेव्हाच पेटवू. प्रत्येक वेळी उगाच कशाला तडफडत चढायचं?" आणि सगळे हसले, साहेबसुद्धा. निर्णय अजून व्हायचा आहे. तरी कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप मला काल लागली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. धूर वळताना दिसला त्या आठवड्यात मी घरी तुमचं ते रान कॉम्प्युटरवर मांडायला घेतलं होतं. उतार अंदाजाने, पाऊस अंदाजाने. खत पट्टीपर्यंत वाहून आलं होतं हे मला दाखवायचंच होतं. अर्ध्यावर लक्षात आलं की हवं ते उत्तर येईपर्यंत मी पाऊस वाढवत चालले आहे. काल घरी आल्यावर ते सगळं पुसून टाकलं. मला आजही वाटतं की वाहून आलंच होतं. पण दिसलं नाही, आबा.