मागच्या पानापासून सुरू होणारी वही

पेडगाव, शनिवार

प्रिय भागवत,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. तू मला फोनवर ब्लॉक केलंस. आपल्या वर्गातल्या सितारामच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून कट केलास. शेवटी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या काकांनी विचारलं, कोर्टाचं काही आहे का. मित्राला पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. तुमचं नवं गाव पूर्णा काही लांब नाही, गाडीत बसलं की आलंच. पण तू दारातूनच परत पाठवशील, म्हणून आधी पत्र. तू बोलत नाहीस ते बरोबरच आहे. पुन्हा कधी बोलशील की नाही, या काळजीनं महिनाभर मला जेवण गेलेलं नाही. आई म्हणते चांगल्या चार भाकरी जातात, पण तिचं सोड.

तर बातमी अशी, की ढगे सरांनी जप्त केलेली आपली वही सध्या शिक्षकांच्या खोलीत फिरते आहे. तुझे अण्णा इथं रेल्वेत होते तेव्हा स्टेशनच्या बाकड्यावर बसून तुझ्या फोनवर आपण ती जपानी चित्रकथा वाचायचो. तीन पोरं शाळेत जातात, डबा खातात, घरी येतात, बस्स. सिताराम दर पानाला विचारायचा, मारामारी कवा हाय, आणि नाहीच म्हटल्यावर फसवल्यासारखं तोंड करायचा. आपल्याला मात्र तिचं वेड लागलं. दोनशे पानी वहीत तू चित्रं काढायचास आणि मी पोरांच्या तोंडची वाक्यं लिहायचो. उभे काटेरी केस, बशीएवढे डोळे, हातात भज्यांचा पुडा. ढगे सरांनासुद्धा तू लांब पापण्या काढल्यास. वर तुझा हट्ट, की जपान्यांसारखी वही मागच्या पानापासून सुरू झाली पाहिजे. मी म्हणालो, इथं कुणाला कळणार आहे. तू म्हणालास, उर्दू शाळेतली पोरं रोज तसंच वाचतात, त्यांना बरं कळतं. मग मी वही उलटी केली.

तुझ्या त्या हट्टानं काय केलं ते ऐक. आपल्या गोष्टीत तीन पोरं पहिल्या दिवशी भांग पाडून प्रार्थनेला उभी असतात. मग उशिरा यायला लागतात, मग तास बुडवून ओढ्यावर जातात, मग चेंडूनं हापिसाची काच फोडतात, आणि शेवटी वर्गाबाहेर अंगठे धरून उभी राहतात. सरांनी वही आपल्या नेहमीच्या पद्धतीनं वाचली. त्यामुळे त्यांच्या गोष्टीत अंगठे धरलेली पोरं हळूहळू ताळ्यावर आली, ओढा सुटला, शाळेत वेळेवर यायला लागली, आणि अखेरच्या पानावर हात जोडून प्रार्थनेला उभी राहिली. सर गहिवरले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, पोरगं कसं सुधारतं ते या वहीनं दाखवलं. गॅदरिंगच्या भित्तिपत्रकावर लावायचं ठरलं. फुटलेली काच आपोआप अख्खी कशी झाली, अशी शंका मराठीच्या बाईंनी काढली. सर म्हणाले, ते प्रतीक आहे.

भागवतनं सुरू केलेली वही अशी सुधारून पुरी कुणी केली, असं सरांनी विचारलं, तेव्हा सितारामनं मला मागून ढकललं आणि मी उभा राहिलो. टाळ्या पडल्या, बक्षीस म्हणून निळा पेन मिळाला. अण्णांची बदली होऊन तुला पूर्णेला जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. चित्रं सगळी तुझी, पण मी तुझं नाव घेतलं नाही. भागवत, मी नाव घेतलं नाही, आणि घरी येऊन आईला पेनसुद्धा दाखवला.

परवा मधल्या सुट्टीत सरांकडे गेलो. चित्रं भागवतची, वाक्यं माझी, आणि वही मागून वाचायची असते, असं एका दमात सांगून टाकलं. सरांनी वही उलटवली. पहिली तीन पानं खुशीत होते. काच फुटली तिथं मिशी हलली. अंगठ्यांपर्यंत पोचले तेव्हाचा चेहरा माझ्याच्यानं लिहवणार नाही, तुलाच काढावा लागेल. पेन परत गेला, भित्तिपत्रकही गेलं. वही मात्र त्यांनी दिली नाही. बाकीचे सर आता ती दोन्हीकडून वाचतात म्हणे.

आणि मग मी जप्तीच्या दिवसाचंही सांगितलं. सरांनी वही उंच धरून विचारलं होतं, "हे कुणाचंय?" तू उठायच्या आधीच मी उठलो आणि म्हणालो, "सर, मला काय बी माहीत न्हाई, ते भागवतचं हाय." वाक्यं कुणाची, ते तुला सांगता आलं असतं, तरी तू सरळ बाहेर जाऊन शिक्षा घेतलीस. सरांनी परवा मला तीच शिक्षा दिली, व्हरांड्यात खांबाजवळ दोन तास. तिथं उभं राहिल्यावर कळलं, की खिडकीतून बरोबर आपला बाक दिसतो. म्हणजे त्या दिवशी दोन तास तू मला बघत होतास, आणि मी मान खाली घालून गणितं सोडवत होतो. माझं चुकलं, भागवत. मला एवढंच लिहायचं होतं. बाकीचं सगळं धीर यावा म्हणून लिहिलं.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
रामप्रसाद