व्याही पुढं, मी मागं

३ जाने. १९६४, नांदुरा
पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या आवाजानं. आमच्या लहानपणच्या वर्गाचा. सगळी पोरं एका सुरात समुद्राची कविता म्हणताहेत आणि मास्तर टेबलावर छडीनं ठेका धरताहेत. मास्तरांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण ठेका लाटेचाच. पुढं मी मास्तर झालो, तीच कविता तशीच शिकवली, न पाहताच.
आता पाहणार. आमच्या मधूनं रत्नागिरीहून कळवलंय, मित्राची मोटार मिळते, किनाऱ्यानं फिरवून आणतो. फक्त त्याच्या सासऱ्यांनाही बोलावलंय. उंद्रीचे आबाजी. माळवं पिकवणारा माणूस, समुद्राचं काय करणार? असो.

७ जाने., रत्नागिरी
रात्री पोचलो. समुद्र दिसला नाही, वास येतो. आबाजींनी मळ्यातली वांगी आणलीत, टोपलीभर. सुनेनं टोपली पोटाशी धरली. आमच्या हिचे लाडू डब्यात तसेच.

८ जाने.
निघालो. मधू आबाजींना म्हणाला, "मामा, तुम्ही पुढं बसा, नीट दिसेल." मुलाचा बाप मी, आणि मागं! मधे सून, उजव्या खिडकीशी ही, तिला मोटार लागते म्हणून. समुद्र सगळा उजवीकडं. माझ्या वाट्याला तांबडे दगड, काजूची झाडं आणि आबाजींचा फेटा.
भाट्याची खाडी. मोटार तरीवर, सपाट होडीवर, चढवली. आबाजी, "अबबब! मोटर बी पोह्यते का बे?" मधू पोट धरून हसला. माझ्याबरोबर असा कधी हसला?
पावसला चहा. पुढं मी कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्याला मधूनं हॉर्न वाजवला. म्हैस आडवी आली होती, खरं आहे. तरी.

तोच दिवस, सांज
गणेशगुळ्याला वाळूत उतरलो. समोर सबंध समुद्र. आणि मला काही झालं नाही. अगदी काही नाही. कवितेतला निळा होता, हा मातकट. वाट पाहिली, आत काही हलेल म्हणून.
आबाजी मात्र पाण्याशी जाऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढं पानी, गुरुजी, अन् वांग्याचा एक वाफा भिजत नाही." डोळे भरलेले. मधू ते वाक्य घोळवत राहिला. आयुष्यभर कविता मी पाठ केल्या, आणि हे यांना सुचावं?
नदीकाठी ठेवतात तशा वहाणा पाण्याशी ठेवल्या होत्या त्यांनी. भरती घेऊन गेली. मधूनं पायातल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या, स्वतः अनवाणी. अगदी मापात बसल्या. मुलाची वहाण बापाला बसू लागली की... पुढं लिहीत नाही.

९ जाने.
जेवताना मधू: "मामा, उंद्रीला एकटेच असता. आता इथंच या राहायला." मला हे तो कधी म्हणाला नाही. एकदाही.
माझ्या तोंडून गेलं, "नातवंड होईस्तोवर मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत ना हो, आबाजी?" वर्गात याच चालीची मी थट्टा करत असे.
आबाजींनी ओठाशी नेलेलं भांडं खाली ठेवलं. "हाव गुरुजी. मी इसरलोच होतो."
सून आत निघून गेली. आबाजी दुपारच्याच एस.टी.नं गेले, मधू सोडायला. परत आला तो तसाच मित्राची मोटार पोचवायला गेला.

१२ जाने., नांदुरा
घरी. ही म्हणते, "काऊन बोलले तसं? ते एकटे हायेत. आपन दोघं हावो."
"चाल आहे ती सांगितली."
"चाल नाही, जळून राह्यले तुमी."
जळायला मी काय...

२० जाने.
सुनेचं पत्र, हिच्या नावानं. आबाजी राहायला येत नाहीत, चालीचं सांगतात. मधूच्या हातची एक ओळ नाही.
जिंकलो म्हणायचं. दिवसभर कविता आठवून पाहिली, दुसऱ्या कडव्यापुढं सरकेना. वाफ्याचं वाक्य मात्र पाठ.

२८ जाने.
दुपारी कडी वाजली. पोस्टमन समजून उठलो. दारात आबाजी! काखेत वळकटी, फेट्यावर धूळ.
"मुंबईची गाडी सांजेले हाय, मंग रत्नागिरी," म्हणाले. "चाल मोडून जाऊन राह्यलो. पोरीले करमत नाही." मग उंबऱ्याकडं बघत, "पन तुमच्या पोराच्या घरी तुमच्या आंधी म्या राहाले जानं बरं दिसत नाही. तुमी बी चला, गुरुजी. इहीनबाईले बी घ्या."
मी विचारलं, "मधूनं बोलावलंय मला?"
"त्याले नाही इचारलं म्या."
खोटं बोलले असते तरी चाललं असतं.
हिनं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला. आता आत ट्रंक ओढल्याचा आवाज येतो आहे. मी हे लिहीत बसलोय. गाडीला अजून वेळ आहे.