सासूचा पार्ट

मु. पारनेर,
चैत्र, १९७४

ती. आत्याबाई यांस सून रतन हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पाय मागं घेऊ नका, पत्रातून डोकं लागत नाही). गुडघे कसे आहेत? तांबडी गाय व्याली का? तुमचे चिरंजीव खुशाल आहेत. कंपनीत पडदा ओढतात आणि कुणी विचारलं तर मॅनेजर आहे म्हणून सांगतात. मी नाटकात गेले तेव्हापासून आपण बोलणं टाकलंत, म्हणून दोन्ही बाजूंचं मीच बोलते. धंद्यानं तेवढी सवय झालीय.

तर झालं असं. इतकी वर्षं मी जाचलेल्या सुनेचा पार्ट केला. रडायला मला कधी कांदा लागला नाही. पण दुष्काळ सरला, जत्रा पुन्हा भरायला लागल्या आणि आमच्या कायमच्या सासू बनुबाई नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या. नाटक बसवणारे गहिनीनाथ मास्तर म्हणाले, "रतनबाई, आता तुमीच सासू व्हा." मला मेलीला काय वाटलं म्हणून सांगू! आरशात बघितलं आणि तोंड फुगवून बसले. सुनेचा पार्ट गौहरला दिला. पोर गुणी आहे, पण रडताना तिला हसू येतं.

मग म्हटलं, करायचं तर झोकात करू. सासू कशी असते हे मला कुणी शिकवावं लागलं नाही (का ते विचारू नका). पदर कमरेला खोचायचा, "खा गं बाई, पोटभर खा" म्हणत भाकरीची दुरडी आपल्याकडं ओढायची, आणि सून बोलायला लागली की कोंबड्या हाकायला उठायचं. पहिल्याच अंकात बायका कडाकडा बोटं मोडायला लागल्या! एकीनं वहाण भिरकावली, ती तुमच्या चिरंजिवांना लागली. आत्याबाई, खोटं नाही सांगत, असा आनंद मला सून होऊन कधी झाला नव्हता.

पण शेवटच्या अंकात सासूला पस्तावा होतो आणि घराबाहेर काढलेल्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून ती तिला आत घेते. तिथं माझा पार ओंडका झाला. हात हलेना, डोळ्यांत काही येईना. बायकांचा काडीचा विश्वास बसला नाही. सकाळी रीतीप्रमाणं त्या नाटकातल्या सुनेची ओटी भरायला आल्या. (गौहर लाजून आपलं नाव सांगायला लागली, तर आक्काबाई म्हणून एक म्हातारी म्हणाली, "असंल, पर सासुरवास समद्यांला सारकाच.") आणि मी पंगतीत बसले तर वाढणारी मला वगळून पुढं! मी म्हटलं, "अगं बाई, ते नाटक हुतं." तर म्हणते, "म्हाईत हाय. पर पोरीला उपाशी ठिवलंस न्हवं? आता बस तशीच." शेवटी गौहरनं आपल्या ताटातली भाकरी मला दिली. त्यावर सगळ्या पंगतीत तिचंच कौतुक, "बघा, सून किती गुनाची!"

मास्तर म्हणतात, सासू एक नंबर, पण शेवट साधला नाही तर बनुबाईंना परत बोलावीन. मला तर हा पार्ट सोडवत नाही. सुनेचं वय सरतं हो, सासू मात्र दात पडेपर्यंत करता येते. जमेल मला, असं मनापासून वाटतंय.

आपली सून,
रतन

ता.क. तुमचं तपकिरी लुगडं धुऊन ठेवाल का? पार्टाला तेच पाहिजे.

ता.क. दुसरा. तुमचे चिरंजीव सांगत होते, सासू कुणावरून उचलली ते पत्रात लिहू नकोस. मी कुठं लिहिलंय?

ता.क. तिसरा. पुढचा खेळ शेवगावला आहे. जाताना वाटेत आम्ही दोघं पाथर्डीला उतरतो आणि तुमच्या दारात उभी राहतो. सासू सुनेला घरात कशी घेते, ते मी जन्मात पाहिलेलं नाही, म्हणून माझं तिथं अडतंय. भाकरतुकडा करून ठेवा. तेवढं एकदा मला करून दाखवा.