मंगळाचा राजा, मुक्काम व्हिटबी

व्हिटबी (कॅनडा), १४ जानेवारी २००७

प्रिय शोभावन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुमच्या दादांना बोलणं जड जातं, तेव्हा तुम्हा बहीणभावांचं पोस्ट ऑफिस मीच!

ह्यांची तब्येत बरी आहे. ऑगस्टमधल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर हात बराच सुधारला, काठी घेऊन घरापुढच्या ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जातात. बोलणं मात्र एकेक शब्द, आणि मध्ये भलं मोठं अंतर. स्पीच थेरपिस्ट म्हणते, शब्द आत आहेत, त्यांना फक्त वेळ द्या.

वेळ द्यायला तयार कोण आहे? मागच्या महिन्यात आमच्या नाटकवाल्या मंडळींकडून उल्हास आला होता. ह्यांनी इतकी वर्षं त्यांची नाटकं बसवली, मुख्य कामं केली. आता म्हणे प्रतापरावांना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची देऊ, शाल घालू. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काम?" उल्हासनं माझ्याकडे बघून चहा छान झालाय म्हणून सांगितलं. मला तो चहा परत मागून घ्यावासा वाटला.

त्यानंतर हे बेसमेंटमध्ये जाऊन बसले ते जेवायलाच वर यायचे. मी लायब्ररीच्या सेलमधून एक डीव्हीडी आणली. बोलपट नुकते बोलायला लागले तेव्हाची इंग्रजी सीरियल, थेटरात दर आठवड्याला एक भाग दाखवायचे ना, तसली. दोऱ्याला टांगलेलं रॉकेट, पत्र्याची टोपी घातलेला मंगळाचा राजा. वन्सं, हे हसले! ऑगस्टनंतर पहिल्यांदा. तुम्हाला असलं काही आठवतं का?

लोभ आहेच, रागही आहे, तो तुमच्यावर नाही.
तुमची,
अरुणा


अमरावती, ६ फेब्रुवारी २००७

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

आठवतं का म्हणून काय विचारता! दर रविवारी सकाळच्या खेळाला दादा मला ओढत न्यायचा. रॉकेटचा धूर मागे जायचा सोडून सरळ वर जायचा. राक्षस म्हणून जो दाखवायचे तो जवळून काढलेला सरडा होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी आल्यावर दादा डोक्यावर पातेलं घालून राजा व्हायचा आणि मला राजकन्या म्हणून खांबाला बांधायचा. एकदा बांधून खेळायला निघून गेला. त्याला हे माझ्यातर्फे अवश्य वाचून दाखवा.

इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो राजा एकेक शब्द असा थांबून, तोलून टाकायचा, की मंगळावरची माणसं अशीच बोलतात अशी माझी खात्री होती.

त्या उल्हासला माझा नमस्कार सांगू नका.

आपली लाडकी आणि अजूनही खांबाला बांधलेली,
शोभा


व्हिटबी, २२ एप्रिल २००७

प्रिय शोभावन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्रानं घरात उच्छाद मांडलाय. "मंगळावरची माणसं अशीच बोलतात" हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं.  हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी... राजा."

तर आम्ही सीरियल करतोय. नाटकाचा हॉल त्या मंडळींच्या ताब्यात आहे, म्हणून आमचं गॅरेज हेच रंगमंच. बटण दाबलं की दार वर जातं, तोच पडदा. प्रेक्षक ड्राइव्हवेवर लॉनच्या खुर्च्यांत. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या पाइपचे रोबोटचे हात झालेत, हेअर ड्रायरचं किरणास्त्र. शेजारचे शशिकांतराव पृथ्वीचे वीर आहेत, गुडघेदुखीसकट. आणि राजकन्या मी, वय वर्षं सहासष्ट. हसून घ्या.

नंदन मात्र मार्कहॅमहून तावातावानं आला. म्हणाला, आई, लोक बाबांना हसतील, त्यांचं असं प्रदर्शन मांडू नकोस. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी सांगितलं, खुर्चीत बसवून शाल घातली तर लोक कीव करतील. त्यापेक्षा हसू देत. तो न जेवता गेला. मला वाईट वाटलं, पण माघार घेणार नाही.

तुमचा आशीर्वाद नको, तुमची बाजू हवी.
अरुणा


अमरावती, १२ मे २००७

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगते, नंदनचं वाचून मीही घाबरले. दादा मध्येच अडला तर? सगळ्यांसमोर? दोन दिवस पत्र लिहवेना. मग वाटलं, घरात बसूनही तो अडतोच आहे. तिथे निदान मुकुट घालून अडेल.

सोबत माझ्या जांभळ्या शालूचा पदर कापून पाठवतेय. राजाला झगा हवा. सूनबाई हळहळली, तिला म्हटलं गप्प बस.

मी तुमच्याच बाजूची,
शोभा


व्हिटबी, १८ जून २००७

प्रिय शोभावन्सं,
स. न. वि. वि.

काल दुपारी खेळ झाला. खुर्च्या कमी पडल्या, लोक गवतावर बसले. उल्हासही सपत्नीक आला होता. नंदन येणार नाही म्हणाला होता. आला, पण पार रस्त्याकडच्या मेलबॉक्सपाशी उभा राहिला.

दार वर गेलं. मी बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरला बागेच्या पाइपानं बांधलेली आणि ह्यांच्या खांद्यावर तुमचा शालू. नुसतं बघूनच लोक खदखदून हसले. हे शांत उभे. मग म्हणाले, "पृथ्वी... माझी... आहे." वन्सं, असा आवाज गेल्या वर्षभरात मी ऐकला नव्हता.

पुढचं वाक्य होतं, "वीरा, शरण ये." "वीरा" आलं आणि शब्द अडला. खरोखरच अडला. ओठ हलले, आवाज नाही. लोकांना वाटलं अभिनय आहे. शशिकांतराव हळूच शब्द सांगायला निघाले, ह्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. नंदन मेलबॉक्स सोडून धावत पुढे आला. मी बांधलेली, त्याच्याकडे बघून जोरात मान हलवली. तो पहिल्या रांगेपाशी थांबला. हसणंही थांबलं होतं. हे आमच्या सगळ्यांकडे असे बघत होते, जणू उशीर आम्हालाच होतोय. आणि मग, एकदम, "शरण... ये!" पाठोपाठ हेअर ड्रायर रोखला. टाळ्या सुरू झाल्या त्या नंदनपासून.

दार खाली आलं तरी कुणी उठेना. समोसे वाटताना उल्हास ह्यांच्यापाशी आला. गहिवरला होता, खोटं नाही सांगत. म्हणाला, प्रतापराव, दिवाळीच्या नाटकात एक छोटं काम आहे, संवाद नाहीत, तुम्ही करालच.

हे झगा सावरत त्याच्याकडे बघत राहिले. उल्हासनं मदत म्हणून स्वतःच "हो" म्हणून टाकलं. ह्यांनी बोट उचलून त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश उत्तर दिलं.

"वेळ... नाही."

आणि समोसा घेऊन पुढे गेले.

कळावे. किरणास्त्रानं तुमच्या पदराची एक कड जळलीय, त्याबद्दल राजाला माफ करा.
तुमची,
अरुणा